लोटाच्या बायकोचं नाव

महादेवी आत्या आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. बायबलच्या काळावर लिहिलेल्या जाडजूड कादंबऱ्या बायकांत फिरवायचं खातं त्यांच्याचकडे. यंदा लोटाच्या बायकोची कादंबरी आली. बायबलमध्ये ही बाई एका ओळीत आटोपते: नवऱ्यासोबत पळताना जळत्या सदोम शहराकडे मागे वळून बघते आणि मिठाचा खांब होते. कादंबरीत ती चारशे पानं वळतच राहते. नाव तमीरा, डोळे टपोरे, सासर वाईट. पहिल्या प्रेमासाठी ती मान वळवते तिथं तर अख्खं मंडळ रडलं. खोटं कशाला बोलू, माझीही तव्यावरची भाकरी करपली.

पण कादंबरी ती कादंबरी, एवढं मला कळत होतं. मंडळात मात्र तमीराच्या नावानं उपास झाले आणि एका बारशात पोरीचं नावही तेच ठेवलं गेलं.

अशात बायबल प्रश्नमंजूषा आली. जिंकणाऱ्या संघाची ढाल दरवर्षी बार्शीच्या बायका न्यायच्या. आत्यांनी कपाटावरचा फ्लॉवरपॉट हलवून ढालीला जागा केली आणि मला संघात घेतलं, कारण बायबल सबंध वाचलेली मंडळात मी एकटीच.

"प्रियंका, ह्या खेपेला ढाल हितं आली पायजे. न्हाय आली तर मला तोंड दावू नगंस."

ढाल मलाही हवी होती. घरात आजवर मला कुणी कशातच हुशार म्हटलं नव्हतं.

होटगी रोडच्या हॉलमध्ये शेवटच्या प्रश्नापर्यंत दोन्ही संघ बरोबरीत आले. तो प्रश्न माझ्या वाट्याला आला. परीक्षक असलेल्या एका चर्चच्या पाळकसाहेबांनी चष्मा सावरून विचारलं, "लोटाच्या बायकोचं नाव काय?"

मला हसूच आलं. काय फसवा प्रश्न काढलाय! मी छातीठोकपणे म्हणाले, "बायबलमध्ये तिचं नाव दिलेलंच नाही."

"चूक. बार्शी?"

"तमीरा!" बार्शीच्या तिघी एका सुरात किंचाळल्या.

"बरोबर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाव ऐकून आमच्या आत्यांनाही राहवलं नाही, त्यांनीही वाजवल्या.

मला रागही आला आणि रडूही. मी बायबल उघडून ते पान पाळकसाहेबांसमोर धरलं. त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग पुस्तक मिटून मागचंपुढचं कव्हर बघितलं. "ही जुनी आवृत्ती दिसते," ते गोड आवाजात म्हणाले, "यात सगळं सविस्तर नसतं."

ढाल बार्शीला गेली.

परतताना रिक्षात आत्या म्हणाल्या, "लई शानी समजतीस की स्वतःला. येवढं साधं नाव सांगता येईना व्हय?"

"आत्या, ती कादंबरी आहे. लिहिणारीनं मनानं नाव घातलंय."

"मनानं? मग मला येवढं रडू आलं ते काय उगाच?"



गुरुवारच्या प्रार्थनेत त्यांनी सगळ्यांदेखत माझ्यासाठी मागितलं, "प्रभू, ह्या पोरीला तुझ्या वचनाची गोडी लाव." आमेन झाल्यावर पिशवीतून कादंबरीचा नवाकोरा दुसरा भाग निघाला: तमीरा गेल्यावर लोट आणि त्याच्या दोन मुली डोंगरातल्या गुहेत राहायला जातात, त्याची गोष्ट. त्या गुहेत बापलेकींत पुढे जे घडतं, ते बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय आणि चारचौघांत मोठ्यानं वाचण्यासारखं मुळीच नाही. आत्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

"ह्यो भाग मोठ्यानं कोण वाचणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच वाचा, आत्या," मी लीनपणे म्हणाले, "आणि त्या पाळकसाहेबांनाही मुद्दाम बोलवा."