चार बटणं आणि रिकाम्या बरण्या

प्लामेननं आईच्या विजेच्या शेगडीची चारही बटणं उपटून खिशात घातली आणि राजधानीला, सोफियाला निघून गेला, तेव्हा मी तिथंच बसले होते. समोरच्या खुर्चीत. एक शब्द बोलले नाही. अजूनही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तीस वर्षं डॅन्यूबच्या बंदरावर क्रेन चालवली मी. खाली उभ्या असलेल्या धटिंगणांना वरून शिव्या हासडल्या. आणि मैत्रिणीच्या चार बटणांसाठी माझी वाचा बसली!

झालं होतं एवढंच. फेब्रुवारीत गेनोवेवानं घेवडा शिजायला ठेवला आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. ही आमची वेवा, माझ्या बरोब्बर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहते. घेवडा करपला, जिन्यात धूर झाला, वरच्या कोणीतरी बंब बोलावला. बंबवाल्यांनी पातेलं नळाखाली धरलं, खिडक्या उघडल्या, वेवाचा अक्रोडाचा केक चाखला आणि गेले. पण पोराच्या कानावर गेलं ना! शनिवारी गाडी घेऊन दारात हजर.

"आई, तुझ्या भल्यासाठीच करतोय," बटणं उपटताना म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून नगरपालिकेचा डबा सुरू झाला. तीन कप्प्यांचा. वरच्यात सूप, मधल्यात काहीतरी करड्या रंगाचं, खालच्यात ब्रेड. त्या सुपात मसूर हुडकायला चष्मा लावावा लागायचा. वेवा ते मुकाट्यानं खायची. मी जेवायला बोलवायचे तर यायची, दोन घास खायची, "छान झालंय गं दोन्का," म्हणायची. खोटं! माझा स्वयंपाक छान होत नाही हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे.

एकदा सकाळी दहाला साखर मागायला गेले, तर ही बाई एप्रन बांधून त्या बटणं नसलेल्या शेगडीपुढे उभी. नुसती उभी. मी विचारलं, "काय करतेयस?" तर म्हणाली, "काही नाही. दहा वाजले ना." मी साखर न घेताच परत आले आणि घरी येऊन रडले. मी रडत नाही सहसा.

सप्टेंबर लागला. बाल्कन्याबाल्कन्यांतून भाजलेल्या मिरच्यांचा वास सुटला. या दिवसांत आमच्याकडे दुसरा विषयच नसतो. लाल मिरच्या पोत्यानं आणायच्या, चुश्कोपेकच्या, म्हणजे मिरच्या भाजायच्या विजेच्या भट्टीच्या भोकात एकेक सोडून भाजायच्या, सोलायच्या, टोमॅटोबरोबर आटवून हिवाळ्यासाठी बरण्या भरायच्या. ही मिरच्यांची चटणी, वेवाची ल्युतेनित्सा म्हणजे काय सांगू! माझा नवरा शेवटच्या आजारात बाकी काही खात नव्हता, पण ब्रेडवर वेवाची चटणी लावली की खायचा. प्लामेन दर शरदात येऊन डिकी भरून बरण्या न्यायचा आणि पुढच्या शरदात रिकाम्या आणून द्यायचा. सगळ्याच पोरांची ही रीत.

अशातच एका संध्याकाळी आम्ही तिघी सिरमाकडे बसलो होतो. सिरमा तळमजल्यावर राहते, शिवणकाम करायची, जीव मुंगीएवढा. वेवानं कप खाली ठेवला.

"रविवारी प्लामेन येतोय. कागद घेऊन. वृद्धाश्रमात जागा मिळालीय म्हणे नोव्हेंबरपासून. माझी सही पाहिजे."

"अगं बाई!" सिरमानं तोंडावर हात ठेवला. "कसंय तिथं?"

"बाग आहे. खोली स्वच्छ आहे. डॉक्टर येतो."

"आणि स्वयंपाकघर?" मी विचारलं.

"तिथं म्हाताऱ्यांना आत सोडत नाहीत. फोनवर मी पहिलं तेच विचारलं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "दोन्का, मला नाही जायचं गं. मी मरेन तिथं. आजारानं नाही, डब्यानं."

माझं टाळकंच सणकलं.

"सिरमा, ते यंत्र खाली काढ."

"कुठलं?"

"कपाटावरचं! लेकीनं स्पेनहून पाठवलेलं. आपोआप ढवळणारं, आपोआप बंद होणारं. वर्ष झालं, त्यावर क्रोशाचा रुमाल घालून ठेवलायस. त्याची काय पूजा करणारेस?"

"अगं, भारीतलं आहे ते. बिघडलं म्हणजे?"

"आणि वेवा बिघडली म्हणजे?"

सिरमानं स्टूल ओढलं आणि चढली.

शनिवारी ते वेवाच्या टेबलावर मांडलं. सोबतचं पुस्तक स्पॅनिशमध्ये. सिरमाची लेक फोनवरून ओरडून सांगतेय, सिरमा भलतंच बटण दाबतेय, यंत्र शिट्ट्या मारतंय. वेवा हाताची घडी घालून लांब उभी.

"ढवळायला माणूस लागतो. पात्याला काय कळतंय, तळाला कधी लागतं ते?"

"तू दूधभात तर टाक त्यात," मी म्हटलं. "उगाच नाक मुरडू नकोस."

तिनं दूध, तांदूळ, साखर घातली. पातं गरगरायला लागलं. वेवा हळूहळू पुढे सरकली. मग वाकली. मग झाकणाच्या भोकातून आत बघत राहिली. सात महिन्यांनी तिच्या घरात काहीतरी शिजत होतं. एकदम ताठ झाली आणि म्हणाली, "आता मी झोपते."

"म्हणजे?"

"झोपते म्हणजे झोपते! त्याच्यासाठीच तर आणलंय ना?"

आणि खरंच जाऊन कोचावर आडवी झाली. चपला काढून, शाल ओढून, डोळे मिटून. आम्ही दोघी यंत्रापुढे श्वास रोखून उभ्या. वीस मिनिटांनी त्यानं एक गाणं वाजवलं आणि ते गप्प झालं. करपलं नाही, उतू गेलं नाही. वेवानं एक डोळा उघडला.

"बंद झालं?"

"झालं!"

उठली, चमचाभर तोंडात टाकला. "दालचिनी पाहिजे," म्हणाली, आणि मग जी हसत सुटली ती थांबेना. आम्ही तिघींनी पातेल्यातूनच दूधभात खाल्ला. सिरमा तर म्हणत होती, वर्षभर आपण मूर्खपणाच केला.

रविवारी सकाळी मी माझा नवाकोरा चुश्कोपेक वर नेला. तीन भोकांचा, वर घड्याळ असलेला. जुन्याला एकच भोक होतं, एक पोतं भाजताना पाठ मोडून जायची. याच्यात तीन मिरच्या एकदम सोडायच्या, घड्याळ फिरवायचं, टिंग झालं की काढायच्या. वेवा आणि मी त्या टिंगवर लहान पोरींसारख्या खुश. फक्त ढवळणारं यंत्रही त्याच वेळी सुरू केलं आणि फाट्! फ्यूज उडाला. आमच्या इमारतीतल्या तारा आमच्याच वयाच्या. मग मी खाली जाऊन माझ्या बाल्कनीतून वायर वर चढवली. क्रेनवालीला त्यात काय!

बाराच्या सुमारास कुलपात किल्ली फिरली. आम्ही तिघी हातांना काळी सालं चिकटलेल्या, टेबलावर सोललेल्या मिरच्यांचा ढीग, यंत्रात टोमॅटो रटरटतायत. प्लामेन दारातच थबकला. काखेत कागदांची फाईल.

"हे काय चाललंय, आई? मी शेगडी बंद केली होती ना?"

"बंदच आहे. हात लावून बघ."

"मग हे काय आहे?"

"हे सिरमाचं, ते दोन्काचं. दोन्ही आपोआप बंद होतात. मी काल झोपून बघितलं."

"झोपून?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "दोन्का मावशी, तुम्ही तरी मध्ये पडू नका."

"पडणार! फेब्रुवारीत पडले नाही, तेच चुकलं माझं. आईच्या घरातून बटणं चोरून नेतोस, लाज नाही वाटत?"

"चोरून? अहो, पेटली असती ती! इमारतीसकट!" त्याचा आवाज चिरकला. पोरगा घाबरलेला होता, हे मलाही दिसत होतं. पण म्हणून काय झालं? त्यानं फाईल उघडली, कागद मिरच्यांच्या शेजारी ठेवला, पेन ठेवलं. "आई, तू विसरतेस. पुन्हा विसरलीस तर?"

मला वाटलं आता वेवा ढासळणार. तिनं हात पुसले आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"विसरणार. पुन्हा विसरणार मी. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात तू बोयानला शाळेतून आणायचं विसरलास. पोर दोन तास पायरीवर बसलं होतं, मला त्यानंच सांगितलं. तुला कुणी आश्रमात ठेवलं का?"

"ते वेगळं—"

"काय वेगळं? माझा घेवडा जळला, तुझं पोर रडलं. यंत्र आणलंय मी. तू काय आणलंस?"

तेवढ्यात सिरमा धापा टाकत आत आली. वाद सुरू झाला तशी ती सालांची बादली टाकायला म्हणून खाली सटकली होती. जन्मात कुणाला उलट न बोलणारी सिरमा, पण कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"प्लामेन, गाडीत मागच्या सीटवर काय आहे रे?"

त्याचे कान लाल झाले.

"काय आहे?" वेवानं विचारलं.

"बरण्या," तो म्हणाला. "रिकाम्या." मग बायकोचं नाव पुढे केलं. "दिल्यानानं धुऊन ठेवल्या होत्या... निघताना सवयीनं... दरवर्षी आणतो ना, तशाच..." आणि मग त्यालाच आपलं बोलणं ऐकू आलं असावं, कारण तो मधेच थांबला.

यंत्रानं गाणं वाजवलं आणि बंद झालं.

"किती आहेत?" वेवानं शांतपणे विचारलं.

"चाळीस."

"मला आश्रमात नेऊन टाकल्यावर त्या चाळीस बरण्या कोण भरणार होतं रे?"

एवढा मोठा बाप्या, सोफियात ऑफिसात वीस माणसं हाताखाली, आणि फरशीकडे बघत उभा.

"कागद आणि बरण्या एकाच गाडीतून घेऊन आलास," वेवा म्हणाली. "दोन्ही इथं ठेवता येणार नाहीत. एक काहीतरी परत ने. कुठलं ते तू ठरव."

तिनं कागद उचलून त्याच्या हातात दिला. त्यावर मिरचीचा लाल अंगठा उमटला, पण ती काही सही नव्हती. प्लामेन खाली गेला. सिरमानं छातीवर क्रूस काढला. मी खिडकीला कान लावला, गाडी सुरू होते का म्हणून. बराच वेळ काहीच नाही. मग जिन्यात काचा किणकिणायला लागल्या. तीन मजले चढून, घामाघूम होऊन, त्यानं पहिली पेटी दारात ठेवली. वरच्या बरणीत चार बटणं होती. सात महिने गाडीच्या कप्प्यात पडून होती म्हणे.

"तूच उपटलीस, तूच लाव," वेवा म्हणाली.

त्यानं गुडघ्यावर बसून बटणं बसवली. एक उलटं बसवलं, मी ओरडले, मग सरळ केलं. वेवानं कॉफीचं लांब दांड्याचं भांडं काढलं, पाणी, साखर, कॉफी घातली, शेगडीच्या लहान तबकडीवर ठेवलं आणि तिनं स्वतःच्या हातानं बटण फिरवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मिरच्यांमुळे असेल.

"आम्हा तिघींचे हात भरलेत," ती त्याला म्हणाली. "तू उभा राहा इथं. कॉफीवर लक्ष ठेव. फेस वर आला की काढायची, बाकी काही नाही."

"एवढं काय सांगायचंय त्यात?"

आम्ही मिरच्यांकडे वळलो. तो इमानदारीनं उभा राहिला. मग त्याचा फोन वाजला, दिल्यानाचा. "हो, पोचलो गं... नाही, सही नाही झाली... अगं ऐक तरी... हो, बरण्या दिल्या..." बोलत बोलत तो खिडकीशी गेला. मला फेस चढताना दिसत होता. सिरमालाही दिसत होता, ती अर्धवट उठली. वेवानं टेबलाखाली तिचा हात घट्ट धरला.

फस्सकन कॉफी उतू गेली. तबकडीवरून धूर निघाला, करपल्याचा वास स्वयंपाकघरभर पसरला. प्लामेन फोन टाकून धावला, भांड्याला हात लावून पोळला, बटण उलट्या बाजूला फिरवलं, मग एकदाचं बंद केलं.

वेवानं त्याच्या हातात ओलं फडकं दिलं.

"पूस," ती म्हणाली. "आणि काय रे, नोव्हेंबरपासून जागा आहे म्हणालास ना तिथं?"