वाढदिवसाचा गेंडा

कवळीवाल्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. दातांचे डॉक्टर प्लास्टरचे साचे पाठवतात, हे त्यांवर मेण चढवतात, एकेक दात बसवतात, घासूनपुसून गुळगुळीत करतात आणि कवळी डबीत घालून परत धाडतात. गावातले निम्मे म्हातारे त्यांच्याच जिवावर हसतात म्हणा ना. माणूस हाताने कसबी, मनाने साधा, डोक्याने जरा घाईचा. आणि बायकोवर जीव इतका, की बघणाऱ्याला कधीकधी वैताग यावा.

बायको पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करते. पॅंटची चेन बदल, बाही आखूड कर, लग्नात शिवलेला कोट पोट सुटल्यावर ढिला करून दे, अशी कामं. शिलाई मशीनच्या शेजारी दोऱ्याच्या रिळांना टेकवून तिचा फोन उभा असतो आणि फोनमध्ये तिचा किल्ला. खेळाचं नाव ‘बुरूज’. आपण दगड फोडायचे, भिंती चढवायच्या, धनुर्धारी तयार करायचे आणि दुसऱ्याच्या किल्ल्यावर चालून जायचं. धीर असलेल्याची भिंत दिवसाला वीतभर चढते. खिशात पैसे असलेल्याची भिंत बोट टेकवलं की उभी राहते. आणि सोनेरी गेंडा म्हणून एक प्राणी आहे, तो तर कितीही धीर धरा, मिळत नाही म्हणजे नाहीच. तो फक्त विकत मिळतो. समोरची भिंत कसलीही असो, गेंडा आरपार जातो.

आता याला खेळ म्हणायचं की दुकान, ते तुम्हीच ठरवा. बाईंनी आपल्यापुरतं ठरवलं होतं. त्यांनी एक टोळी जमवली आणि तिचं नाव ठेवलं ‘फुकटे’. टोळीत एक रुग्णालयातली नर्स, एक ट्रकचालक, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि आणखी अशीच दहा-बारा माणसं. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. नियम एकच: खेळात ज्याने एक छदामही खर्च केला, तो बाहेर. बाई सेनापती, आणि सेनापती कसली, करडी. तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने एकदा एका दिवसाची ढाल विकत घेतली. एका दिवसाची, हं. संध्याकाळी ती ढाल संपली आणि संध्याकाळीच भाऊसाहेब टोळीबाहेर. तो कितीतरी दिवस बहिणीच्या घरी फिरकला नाही. कवळीवाल्यांनी मध्यस्थी करून पाहिली, तर त्यांनाच ऐकून घ्यावं लागलं.

असे हे फुकटे यंदा चक्क अंतिम सामन्यात पोचले. खेळाचा सर्वांत मोठा चषक, हजारो टोळ्या, आणि शेवटच्या दोघांत हे. पोस्टमास्तरांना म्हणे आनंदाने जेवण गेलं नाही. पण त्याआधीच्या लढाईत बाईंचा पूर्वेचा बुरूज गेला. महिनोन्‌महिने दगड दगड करून बांधलेला बुरूज, आणि कुणाच्या तरी गेंड्याने एका धडकेत भुईसपाट केला. टोळी जिंकली, बुरूज गेला. त्या संध्याकाळी कवळीवाले चहा घेऊन पुढच्या खोलीत आले, तर बाई ओठ घट्ट मिटून कुणाचीतरी पॅंट उसवत होती आणि मधूनच मनगटाने डोळे पुसत होती.

चहाचा कप त्यांनी मशीनशेजारी ठेवला. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण न विचारता करून टाकायचं ही त्यांची जुनी खोड. चार दिवसांवर तिचा वाढदिवस होता. साडी नको, कानातलं नको, यंदा तिला खरंच हवं ते द्यायचं, असं त्यांनी मनात पक्कं केलं.

बाईंच्या बोटांची टोकं सुया टोचून टोचून इतकी खरबरीत झालेली की फोन तिचं बोट कधी ओळखायचा, कधी नाही. म्हणून तिनेच तिच्या फोनला नवऱ्याचा अंगठा लावून ठेवला होता. वाढदिवसाच्या सकाळी ती आंघोळीला गेली आणि कवळीवाल्यांनी तो अंगठा टेकवला. एका अख्ख्या कवळीची मजुरी गेली, पण गेंडा आला. सोन्याच्या शिंगाचा, मान हलवत, थेट किल्ल्याच्या दारात उभा. त्यांना स्वतःलाच तो इतका आवडला की त्यांनी दोनदा त्याच्या पाठीवर बोट फिरवून पाहिलं.

बाई केस पुसत बाहेर आली. त्यांनी फोन पुढे धरला, चेहरा नुसता फुललेला. तिने पाहिलं. एकदा पाहिलं, फोन हातात घेऊन पुन्हा पाहिलं, आणि मग तो उलटा करून मशीनवर ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मशीनवर बसली आणि तिने कोटाची शिवण धरली, ती जेवायची वेळ झाली तरी सोडली नाही.

जेवताना एवढंच कळलं की गेंडा एकदा आला की जात नाही. त्याला बांधून ठेवता येत नाही, विकता येत नाही, कुणी चालून आलं की तो आपणहून धावतो. किल्ल्यावर त्याची सोनेरी पताका लागते ती कायमची. कवळीवाल्यांचं धाबं दणाणलं. हातातला घास तसाच ठेवून ते उठले आणि त्यांनी फोनवरूनच खेळाच्या कंपनीला पत्र लिहिलं. चूक माझी आहे, बायकोची नाही, पैसे ठेवून घ्या पण गेंडा परत न्या, असं अगदी काकुळतीला येऊन लिहिलं. उत्तर लगेच आलं. आपल्या भावना आम्ही समजतो, असं म्हणून कंपनीने त्यांना दुसरा गेंडा सवलतीत देऊ केला होता. कवळीवाले आयुष्यात कुणाला शिवी देत नाहीत, त्या दिवशी त्यांनी दिली.

संध्याकाळी मेव्हणा वाढदिवसाच्या निमित्ताने आला. येताना त्याला बातमी लागलेलीच होती, कारण फुकट्यांच्या टोळीत अजून त्याचे दोस्त होते. आता हा टोमणे मारणार म्हणून कवळीवाल्यांनी मान खाली घातली. पण त्याने त्यांना हळूच गॅलरीत नेलं.

“दाजी, काय करून बसलात हे,” तो म्हणाला. “ताईने स्वतःलाच काढून टाकलं. लिहिलं, माझ्या फोनवरून खरेदी झाली, नियमाप्रमाणे मी बाहेर. तुमचं नावसुद्धा घेतलं नाही तिने.”

टोळीने तिची खूप मनधरणी केली होती म्हणे. नर्सबाईंनी लिहिलं की आम्ही डोळे झाकतो. ट्रकवाला म्हणाला, गेंडा असेल तर असू दे, समोरच्यांकडे नऊ आहेत. बाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. एका दिवसाच्या ढालीपायी मी माझ्या भावाला काढलंय, आता कुठल्या तोंडाने राहू? मेव्हणा म्हणाला की मी तर तिला स्वतः फोन करून सांगितलं, माझं काही म्हणणं नाही, तू खेळ. तर त्यालाच तिने झापलं.

आपलं नाव तिने घेतलं नाही, हे कवळीवाल्यांना सगळ्यात जास्त लागलं. मेव्हणा गेल्यावर ते पुढच्या खोलीत जाऊन तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण नेमकं ऐन वेळी सगळं विसरले. एवढंच म्हणाले, की तू त्या दिवशी रडत होतीस, मला बघवलं नाही.

बाईने मशीन थांबवलं.

“अहो, पत्ते खेळताना तुम्ही हुकूम मागे ठेवता, ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?” ती म्हणाली. “पहिल्या वर्षापासून कळतंय. त्याआधी बाबा बुद्धिबळात माझ्यासमोर वजीर सोडायचे. सगळ्यांनी मला लाडाने जिंकू दिलं. प्रेमानेच दिलंत, मला का माहीत नाही? पण एवढं वय झालं तरी मला खेळता येतं की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. या खेळात मला कुणी ओळखत नाही. इथे मला मारतात, लुटतात, बुरूज पाडतात. इथे जे जिंकले ते माझं मी जिंकले. बुरूज गेला म्हणून रडत होते, दुसऱ्या दिवशी परत बांधायला घेतला असता. आणि तुम्ही तिथेही आलात, मला जिंकू द्यायला.”

इतकी वर्षं ज्याला कवळीवाले स्वतःचा मोठेपणा समजत होते, ते तिला असं बोचत होतं, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. पत्त्यांत मुद्दाम हरणं काही सोपं नसतं. पण हे बोलून दाखवायची ही वेळ नव्हती, एवढी अक्कल त्यांना होती.

अंतिम सामना रविवारी झाला. सेनापती म्हणून नर्सबाई उभ्या राहिल्या. बाई आणि कवळीवाले दोघं एकाच फोनवर डोकी जुळवून प्रेक्षक म्हणून बघत होते. फुकट्यांनी बाईंनीच आखून दिलेला डाव लावला होता आणि अर्धा सामना तर समोरच्या श्रीमंतांना घाम फुटला होता. गेंडे दलदलीत अडकवले, तेव्हा बाईने टाळ्या पिटल्या. मग नर्सबाई एका क्षणी उजवीकडे वळल्या. ‘डावीकडून जा गं बयो,’ असं बाई फोनवर ओरडत राहिली, पण ऐकू कुणाला जाणार? शेवटचा दरवाजा पडला. फुकटे हरले, थोडक्यात हरले.

तू असतीस तर फुकटे जिंकले असते, हे कवळीवाल्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी जीभ आवरली. बाईने नर्सबाईंना लिहिलं की तुम्ही छान लढलात, उजवीकडे मीही फसले असते. हे धादांत खोटं होतं. मग तिने आपला जुना किल्ला उघडला, गेंड्यासकट. इतक्या खटपटीने रचलेल्या भिंतींकडे जरा वेळ पाहिलं, आणि तो किल्ला कायमचा बंद करून टाकला. नव्या नावाने सुरुवात केली. नव्या खेळाडूला एक कुंपण, एक खाण आणि एक धनुर्धारी मिळतो. धनुर्धारीही असा की त्याला बाण नीट धरता येत नाही.

कवळीवाल्यांनी घसा खाकरला आणि स्वतःचा फोन काढला. मलाही एक कुंपण मिळेल का, असं विचारलं. बाईने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. म्हणाली, मिळेल, पण मला जिंकू दिलंत तर याद राखा.

मग काय, घरात दोन किल्ले झाले. कवळी पॉलिश करताना कवळीवाल्यांच्या खाणीत दगड फुटत होते. ते गुपचूप मेव्हण्याला फोन करून युक्त्या विचारू लागले. बारीक कामाची सवय असलेला माणूस, भिंतीतली फट न फट त्यांना दिसायची. फक्त चढाई करायची त्यांना सवय नव्हती. दोघांची ताकद बरोबरीला आली तेव्हा बाईने आव्हान दिलं, आणि एका दुपारी ते जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसले.

बाईने जोरात चाल केली. तिचे सगळे धनुर्धारी पुढच्या भिंतीवर, सगळं लक्ष पुढे, जीभ दातांत धरलेली. कवळीवाल्यांना तिचा मागचा दरवाजा दिसला. त्याच्यावर एकही पहारेकरी नव्हता. तिच्याकडून चुकून राहून गेलं होतं. आता त्यांचे स्वार तिकडे वळवले की खेळ संपला. त्यांचा अंगठा इतक्या वर्षांच्या सवयीने पुढच्या भिंतीकडेच गेला, जिथे हमखास हार होती. त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. डोक्यावर एक पांढरी बट आलेली, कपाळाला आठ्या, आणि आजूबाजूच्या जगाचं भान नाही. ऊर इतका भरून आला की त्यांना वाटलं, हरूया, काय जातंय आपलं.

आणि मग त्यांनी सगळे स्वार मागच्या दरवाजावर घातले.

किल्ला पडला. बाईने झालेली लढाई मागे नेऊन पुन्हा पाहिली, शेवटचा भाग आणखी एकदा पाहिला.

“मागचा दरवाजा तुम्हाला दिसला होता,” ती म्हणाली.

“दिसला होता.”

“आणि तुम्ही मारलात.”

“मारला,” कवळीवाले म्हणाले.

तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदमच. तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली, चष्मा पुसला आणि बाह्या वर सारल्या.

“मांडा परत,” ती म्हणाली. “आता बघते तुमच्याकडे.”