पेरूच्या सालीतली तार

वडगावातल्या अक्काताईच्या परसातला पेरू वाकडा का झाला, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. पाठ नसायला काय झालं, अक्काताईनंच नऊ वर्षं ते सगळ्यांना ऐकवलं होतं. "आमच्या मंजूनं ओल्या वाकळा टाकून टाकून झाडाची कंबर मोडली बघा." पाहुण्याला तेच, साड्या न्यायला आलेल्या व्यापाऱ्यालाही तेच. मंजुश्री तिची सून. ती बिचारी दुसऱ्या वर्षापासून सगळं धुणं माडीवर नेऊन वाळवायची, पोटुशी असतानाही. पण सासूची टकळी काही थांबली नाही.

यंदा झाड शेजारच्या जयाबाईच्या पत्र्यावर जाऊन टेकलं, तेव्हा खानापूरकडच्या भरमूला छाटणीला बोलावलं. त्यानं झाडाभोवती दोन चकरा मारल्या, पत्र्यावर गेलेली फांदी तिसरा हिस्सा कमी केली, आत घुसलेल्या काटक्या काढल्या. मग उगवतीकडच्या खुरटलेल्या फांदीला करवत लावली, तर ती कर्र करून अडकली.

"आक्का, हितं लोखंड हाय."

त्यानं कोयत्याच्या टोकानं साल उकलली. आत गंजलेली तार होती, फांदीला गच्च आवळलेली. एक तुकडा ओढून त्यानं अक्काताईच्या हातावर ठेवला. "हिनं गळा आवळलाय. ही बाजू वाढलीच न्हाय, म्हणून सगळं झाड पत्र्याकडं कललं. कुणी बांधलती?"

अक्काताईनं तार अंगठ्यानं पुसली. मधोमध बारीक डोळा. मागावरची वई होती ती, त्या डोळ्यातनंच सूत ओवतात. झाड छातीएवढं असताना वाऱ्यानं ही फांदी फाटली होती आणि तिनं मोडक्या मागाच्या चार वया पिळून ती खांबाला बांधली होती. सोडायची राहून गेली. तेव्हा मंजुश्री या घरात आलीही नव्हती.

अक्काताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि केलं काय, तर मूठ मिटून हात पदराआड नेला. साठी ओलांडलेली बाई, चोरी पकडल्यासारखी उभी राहिली.

तेवढ्यात मंजुश्री चहा घेऊन आली. भरमूनं कप घेत विचारलं, "वैनी, ह्या झाडाला कुणी काय केलतं हो?"

"माझ्या वाकळांनी वाकलं," मंजुश्री म्हणाली. मान वर न करता, कुणी गाव विचारल्यावर सांगावं तसं.

भरमूनं अक्काताईकडं बघितलं आणि चहा प्यायला लागला. ती नजर अक्काताईला सोसवेना. तिनं मूठ उघडली.

"वाकळांनी न्हाय गं. ही तार माझी. मीच बांधलती."

मंजुश्रीनं तारेकडं बघितलं. "ठाऊक हाय, आत्ती."

"कवापासनं?"

"पयल्याच वर्सी. वाकळ टाकताना हाताला लागलती. तवा निम्मी बाहीर हुती."

"मग मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. सोडू काय म्हणून इचारलं. तुमी म्हणालासा, आधी आपलं धुणं काढ, मग मला शिकीव."

अक्काताईला यातलं काहीच आठवत नव्हतं. आपण असं म्हटलं असणार याची मात्र तिला पुरेपूर खात्री होती, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली. मंजुश्री रिकामे कप गोळा करायला लागली. भरमू म्हणाला, तारेखालचा कोवळा फुटवा राखतो, झाड भरून यायला तीन वर्षं तरी लागतील.

कुंपणापलीकडनं जयाबाईनं हाक दिली. "अक्काताई, सुनेनं मोडलेलं झाड झालं काय नीट?"

मंजुश्री कप घेऊन आत निघालीच होती. अक्काताई कुंपणाजवळ गेली.

"सुनेनं न्हाय. मीच बिघडवलंय ते."

रोज गल्लीभर जाणारा आवाज आज कुंपणापलीकडंही गेला नाही. शेजारचे माग खडखडत होते.

"काय म्हणालीस? ऐकू आलं न्हाय गं."

अक्काताईनं वळून बघितलं. मंजुश्री उंबऱ्याशी थांबली होती. मग अक्काताईनं तार वर धरली आणि तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.