काय करत न्हाईत ती

पंचाक्षरी मास्तरांनी दोरीचा आणखी एक वेढा मनगटाभोवती घेतला आणि आपल्या कुत्रीला, पुट्टीला, बाभळीच्या बुंध्याआड ओढलं. पण उशीर झाला होता. माळाच्या कडेला बांधावर दोन उंच, सडपातळ कुत्री येऊन उभी राहिली होती. मानसिंगरावांची कारवानी जातीची शिकारी कुत्री, हरण्या आणि पाखऱ्या. दोघांच्या गळ्यात रुंद चामडी पट्टे होते, पण त्या पट्ट्यांना ना साखळी होती ना दोरी.

"चल, पुट्टी. चल बाई," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले.

पुट्टी हलली नाही. तिनं पोट मातीला टेकवलं, शेपटी पायांत घातली आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की कुत्री नाहीशी होतील, असं तिला वाटत असावं.

"काय करत न्हाईत ती!" बांधापलीकडून हाक आली. "भिऊ नगा, मास्तर!"

तोवर ती येऊन पोचलीही. हरण्यानं पुट्टीच्या मानेवर पाय टाकला, पाखऱ्या मागून हुंगायला लागला. पुट्टी किंचाळली, एकदम उसळली आणि दोरी मास्तरांच्या तळहातातून सरकली. कातडं भाजल्यासारखं झालं. त्यांनी दोरी सोडली नाही. दोन्ही पायांत पुट्टीला धरून ते उभे राहिले आणि टोपी काढून कुत्र्यांच्या तोंडासमोर हलवू लागले. कुत्र्यांना तो खेळच वाटला. पुट्टीच्या पोटाखालची माती ओली झाली.

मानसिंगराव सावकाश चालत आले. मोडनिंबकडे त्यांची मोठी जमीन होती, पण बरीच वर्षं ते सोलापुरातच राहत. अंगात पांढरा कोट, डोक्याला जरीकाठी फेटा.

"खेळाय येत्यात वो ती. तुमचीच लई भित्री हाय की."

"हो, रावसाहेब. भित्रीच आहे," मास्तर म्हणाले. "म्हणूनच म्हणतो..."

"सोडून द्या मोकळी. आपसूक शिकंल. दोरीत धरल्यावर कुत्रं भित्रंच हुतंय."

एवढ्यात लांब कुठंतरी तितर फडफडला आणि दोन्ही कुत्री आली तशी उधळत निघून गेली. मानसिंगरावांनी त्यांना हाक मारली नाही. ती गेली तिकडे तेही वळले.

मास्तर खाली बसले. पुट्टीच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून त्यांनी हात पुढे केला, पण ती इतकी थरथरत होती की तो त्यांनी मागे घेतला.

घरी आल्यावर ती सरळ खाटेखाली शिरली. मास्तरांच्या बायकोनं, नागव्वानं, भाकरी दुधात कुस्करून ताटली आत सरकवली. ताटली तशीच राहिली.

"आजबी?" नागव्वानं विचारलं.

मास्तरांनी तळहात पुढे केला. तिनं त्यावर खोबरेल लावलं.

पुट्टी त्यांना शाळेमागच्या नाल्यात सापडली होती. तो उन्हाळा वाईट होता. सोलापुरावरचा इंग्रजांचा लष्करी अंमल उठून वर्ष होत आलं तरी गावाला अजून पुरता धीर आला नव्हता, आणि त्यातच पिसाळलेल्या कुत्र्यांचा बोभाटा झाला. पट्टा नसलेलं कुत्रं दिसलं की लोक काठ्या घेऊन धावत. पुट्टीला मारून, मेली समजून कुणीतरी नाल्यात टाकलं होतं. मास्तरांनी तिला धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आणलं. नागव्वा आधी चिडली, मग हळद घेऊन बसली. तिनंच कानडीत तिला पुट्टी म्हटलं, म्हणजे चिमुरडी. मूलबाळ नसलेल्या त्या घरात तो शब्द बऱ्याच वर्षांनी उच्चारला गेला होता.

जखमा भरल्या. भीती भरून आली नाही. झाडू उचलला तरी ती भिंतीला चिकटे. वाड्याच्या चौकात ती काही केल्या पोट मोकळं करत नसे. त्यासाठी तिला माळावरच न्यावं लागे, आणि दोरीशिवाय नेणं म्हणजे पुन्हा लोकांच्या काठ्यांच्या तोंडी देणं. म्हणून रोज सकाळी, शाळेच्या आधी, मास्तर होटगी रस्त्याच्या माळावर जात. वाटेत पोरं हसत, "मास्तर कुत्र्याला शाळंत नाव घालाय निघाले" असं म्हणत. त्याचं त्यांना काही वाटत नसे. वाटे ते त्या दोन कुत्र्यांचं.

त्यांनी वेळ बदलून पाहिली. गिरणीच्या पहिल्या भोंग्याबरोबर निघाले, तर मानसिंगराव त्याहून आधी आलेले. तळ्याच्या बाजूनं गेले, तर धोब्यांच्या गाढवांमागे तीच दोन कुत्री पळत असलेली. शहर एवढं मोठं, पण दोरीत एक घाबरट जीव घेऊन चालणाऱ्याला त्यात मोकळी जागा म्हणून नव्हती.

"सांगा की त्यांना सरळ," नागव्वा म्हणाली.

"ते शाळेच्या कमिटीवर आहेत."

"मग मी सांगते."

"तू काही सांगायचं नाहीस."

शेवटी त्यांनी सांगितलं. शब्द जुळवत, घसा साफ करत, बंगल्याच्या ओट्यावर उभं राहून. सकाळी घटकाभर कुत्र्यांना साखळी बांधली तर फार उपकार होतील, असं म्हणाले. उपकार हा शब्द त्यांनी स्वतःच वापरला आणि वापरल्याबरोबर त्यांना स्वतःचीच चीड आली.

मानसिंगराव हसले. "कारवानी कुत्र्याला साखळी? त्यो काय बैल हाय का, मास्तर? वाऱ्यासंगं पळणारी जात ती." मग पान तोंडात टाकून म्हणाले, "अन् तुमी शाळंत पोरं कशी आवरता वो? अशीच दोरीनं?"

ओट्यावर बसलेले दोघंतिघं हसले. मास्तरही हसले. परत येताना मात्र ते रस्ताभर मनातल्या मनात बोलत राहिले, आणि त्या बोलण्यात मानसिंगरावांना एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं.

पुढं सुगी आली आणि मानसिंगराव गावाकडं गेले. माळ रिकामा झाला.

पहिल्या दिवशी पुट्टी दर दोन पावलांना थांबून मागे बघत होती. मग हळूहळू तिचं मागे बघणं कमी झालं. एका सकाळी तिनं तरवडाच्या झुडपाशी आपण होऊन नाक नेलं. मास्तर श्वास रोखून उभे राहिले. तिनं ते झुडूप हुंगलं, मग दुसरं हुंगलं आणि मग शेपटी वर केली. थोडीशीच, पण वर. घरी येऊन मास्तरांनी ते नागव्वाला इतक्या तपशिलानं सांगितलं की तिला हसू आवरेना.

"राजवाड्यात वारस जन्मला म्हणून सांगायलाव," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं पुट्टीच्या भाकरीवर तूप घातलं.

रविवारी सकाळी ते माळावर पोचले तेव्हा बांधावर पांढरा कोट दिसला.

मास्तरांच्या हातात त्या दिवशी काठी होती. सापकिरड्यासाठी म्हणून त्यांनी ती घेतली होती, निदान निघताना त्यांनी स्वतःला तसं सांगितलं होतं.

"आवरा त्यांना, रावसाहेब!" ते ओरडले.

"काय करत न्हाईत..."

हरण्या पुढं होता. तो झेपावला तेव्हा मास्तरांनी काठी डोक्यावर उगारली आणि इतक्या महिन्यांच्या हसण्यानिशी, उपकाराच्या शब्दानिशी ती त्याच्या बरगडीवर हाणली. कुत्रं केकाटलं. मास्तरांना फार बरं वाटलं. त्यांनी दुसऱ्यांदा काठी उगारली, आणि दोरी एकदम सैल झाली.

पुट्टीनं त्यांच्याकडे पाहिलं होतं. कुत्र्यांकडे नव्हे, त्यांच्याकडे. उगारलेल्या हाताकडे. मग मान मागे खेचून ती पट्ट्यातून निसटली आणि माळापलीकडच्या रेल्वेच्या रुळांच्या दिशेनं सुसाट पळाली. दोन्ही कुत्री तिच्या मागे.

"बोलवा!" मास्तर किंचाळले. "बोलवा त्यांना! मालगाडीची वेळ झालीय!"

मानसिंगराव बांधावरून धडपडत खाली उतरले. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली. शीळ निघाली नाही, नुसती हवा गेली. पुन्हा बोटं घातली, पुन्हा तेच. मग "हरण्या" म्हणून हाक मारली, तीही फुटकी निघाली.

"जोरात बोलवा ना!"

"माजं ऐकत न्हाईत ती." मानसिंगरावांचे हात खाली आले. "कदी ऐकलंच न्हाय. माजी न्हाईत वो ती. पोराची हायत, बाळूची."

मास्तर पुढचं ऐकायला थांबले नाहीत.

मालगाडी धडधडत निघून गेली. ती जाईपर्यंत रुळांपलीकडचं काही दिसलं नाही. गेल्यावर दिसलं की हरण्या आणि पाखऱ्या भरावावर जिभा काढून उभे आहेत. पुट्टी कुठंच नव्हती. मास्तर रुळांवरून एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला पळाले. खडीवर कुठं काही पडलेलं नव्हतं. मग कुठून तरी बारीक गुरगुर ऐकू आली.

ती रुळांखालच्या मोरीत होती. अगदी आत, अंधारात, दोन डोळे. मास्तर गुडघ्यावर बसून वाकले. "पुट्टी," ते म्हणाले. गुरगुर वाढली. त्यांच्यावर ती कधीच गुरगुरली नव्हती. काठी अजून आपल्या हातात आहे हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी ती लांब फेकली. फेकण्यासाठी हात वर गेला, तशी ती आणखी आत सरकली.

रूळ तपासत आलेल्या गँगमनकरवी त्यांनी नागव्वाला निरोप धाडला आणि भरावाच्या उतारावर बसून राहिले. ऊन चढत होतं. थोड्या अंतरावर मानसिंगराव येऊन टेकले. फेटा मांडीवर काढून ठेवला होता. डोकं पार पांढरं होतं.

"घावली का?"

मास्तरांनी नुसतं मोरीकडे बोट दाखवलं.

"लागलं काय तिला?"

"मला काय विचारता? रोज तर म्हणता, काही करत नाहीत."

हरण्या मार लागलेली कूस चाटत होता. मानसिंगरावांनी त्याच्याकडे हात केला. कुत्र्यानं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"बाळूनं पिलं असल्यापासनं वाढिवली ती," मानसिंगराव म्हणाले. "त्याच्या एका शिळंवर जागच्या जागी थांबायची. त्यानं साखर पेठंतल्या विणकराच्या पोरीसंगं लगीन केलं, तिकडंच ऱ्हातोय. म्या म्हनलं, ह्या घराचा उंबरा पुन्ना चढू नगंस. न्हाय चढला. कुत्री राहिली. सकाळ झाली की दाराला नखं मारत्यात. सोडाय लागतंय. अन् सोडल्यावर..." ते थांबले. "लोकांस्नी काय सांगू? माजी कुत्री माजं ऐकत न्हाईत म्हनून?"

मास्तरांना त्या क्षणी त्यांची कीव यायला हवी होती. ती आली नाही. एवढं एक वाक्य आधी सांगता आलं असतं, एवढंच त्यांच्या मनात आलं. ओट्यावर सांगता आलं असतं. माळावर कधीही सांगता आलं असतं.

नागव्वा आली ती पदरानं घाम पुसत. तिनं मास्तरांच्या हातातली दोरी आणि रिकामा पट्टा घेतला, मोरीच्या तोंडाशी पाठमोरी बसली आणि भिंतीशी बोलावं तसं कानडीत बोलू लागली, ये माझ्या लेकरा म्हणून. "बा, पुट्टी. बा, नन्न कंदा." मध्येच शेजारणीच्या सुनेचं काहीतरी सांगितलं, मग आमटीत मीठ जास्त झाल्याचं. बऱ्याच वेळानं तिच्या कोपराखालून एक धुळकट तोंड बाहेर आलं.

मास्तर उठून उभे राहिले. तोंड लगेच आत गेलं.

"तुमी मागं सरा," नागव्वा न वळता म्हणाली.

ते मागे सरले.

"अजून."

ते भरावाखाली उतरले, बाभळीपर्यंत गेले. तेव्हा कुठं पुट्टी बाहेर आली. नागव्वानं तिला पट्टा चढवला आणि दोघी घराच्या वाटेला लागल्या. मास्तर बऱ्याच अंतरानं मागून चालू लागले. त्यांच्या बाजूनं मानसिंगराव, आणि पुढं-मागं, मर्जीला येईल तशी, ती दोन कुत्री.

रस्ता फुटतो तिथं मानसिंगराव थांबले. डावीकडे त्यांचा बंगला होता.

"मास्तर, साखर पेठंला हितनं कुटनं जायचं?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पेठेतल्या दोन चाळींचं भाडं मानसिंगराव दर महिन्याला स्वतः जाऊन घेत, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"सरळ," ते म्हणाले. आवाजातला राग अजून गेला नव्हता आणि तो लपवावा असं त्यांना वाटलं नाही. "पण आधी कुत्री धरा."

मानसिंगराव वाकले. त्यांनी एका हातात हरण्याचा पट्टा धरला, दुसऱ्या हातात पाखऱ्याचा. उंच कुत्र्यांनी ओढ घेतली तसे ते फेटा बगलेत सांभाळत, अर्धवट वाकलेले, जवळजवळ पळतच त्यांच्याबरोबर सरळ निघाले.

पुढं नागव्वा थबकली होती. पुट्टीनं मान वळवून मागे पाहिलं होतं आणि ती पाऊल उचलत नव्हती. मास्तर रस्त्याच्या कडेला झाले, तिच्याकडे पाठ करून एका बंद दुकानाच्या फळ्यांकडे बघत उभे राहिले, आणि मागे पावलं वाजायची वाट बघू लागले.