बाबांच्या आवाजासाठी कार्ड

डॉक्टरांनी सांगितलं ते एका वाक्यात. उद्या सकाळी सीतारामांच्या घशातली स्वरपेटी काढायची; माणूस वाचेल, आवाज मात्र जाईल तो जाईलच. संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. म्हणजे त्यांच्या मुलीच्या, मैत्रीच्या हातात उरली एक दुपार.

आवाजही काही असातसा नव्हता. स्वारगेटला एसटीच्या केबिनमध्ये बसून सीतारामांनी नोकरीभर गाड्या पुकारल्या होत्या. त्यांचं तोंडही न पाहिलेली हजारो माणसं त्या आवाजावर बोचकी सावरत फलाटाकडे धावली. घरात मात्र हा गृहस्थ मोजकंच बोलायचा. आणि गंमत बघा, साऱ्या जिल्ह्याने ऐकलेला तो आवाज कुणीही, कुठेही भरून ठेवला नव्हता. रोज हाताशी असलेल्या गोष्टींचं असंच होतं.

मोबाईलवर चित्रीकरण व्हायच्या आधीचे ते दिवस, पण मैत्रीकडे नवाकोरा डिजिटल कॅमेरा होता. कंपनीतल्या अभिनवने सिंगापूरहून येताना तिच्यासाठी आणलेला. त्यात फोटो निघत आणि चित्रीकरणही होई. घरातला टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेला होता, पण तो असता तरी तिला पुरला नसता. तिला बोलताना वर चढणारी बाबांची डावी भुवईसुद्धा हवी होती. हाव म्हणतात ती हीच. अडचण एवढीच, की कॅमेऱ्याबरोबर आलेलं कार्ड सोळा एमबीचं होतं. बाबांचं नुसतं खाकरून होईपर्यंत ते भरलं असतं.

तेव्हा कॅमेरा चार्जिंगला लावून, ते इवलंसं कार्ड रुमालात बांधून ती धायरीहून स्कूटीवर निघाली. बिबवेवाडीच्या दुकानातली कार्डं जाड निघाली. तिथल्या माणसाने तापकीर गल्लीतलं एक दुकान सांगितलं. ती पोचली तेव्हा दुकानदार दुपारच्या जेवणासाठी शटर ओढत होता.

"दुकान बंद झालंय."

"अहो, अर्धं उघडं आहे अजून."

"ते मला बाहेर पडायला."

मैत्रीने रुमाल सोडून कार्ड त्याच्यापुढे धरलं. "याच जातीचं मोठं कार्ड हवंय. आत्ता हवंय."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "एकशे अठ्ठावीस देतो. लग्न असेल तर दोनशे छप्पन्न घ्या. सगळे नातेवाईक मावतील, नको असलेलेसुद्धा."

"फोटो नाहीत काढायचे. वडील बोलणार आहेत."

"बोलून बोलून बोलणार किती? दोनशे छप्पन्नात माणूस दमेल."

मैत्री घुटमळली. दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेणारी ही मुलगी. पण बापाचं किती बोलणं पुढच्या आयुष्याला पुरतं, हा हिशेब तिला कुठल्या कॉलेजात शिकवला होता? लहान कार्ड घेतलं आणि नेमकं हवं ते वाक्य बाहेर राहिलं तर? तिचा बांध फुटला.

"अहो, उद्यापासून त्यांना बोलताच येणार नाही हो!"

भर गल्लीत ती हुंदके देऊन रडू लागली. दुकानदाराने शटर वर ढकललं आणि आतून पाचशे बाराचं कार्ड काढून आणलं. "याच्याहून मोठं माझ्याकडे नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला.

पैसे देताना तिला आठवलं. "सकाळी जरासं करून पाहिलं, तर चित्र दिसलं, आवाज नाही आला."

"पुष्कळ कॅमेऱ्यांना स्पीकर नसतो. कॉम्प्युटरला लावा, येईल बहुतेक. कॅमेरा आणलाय?"

"चार्जिंगला आहे. घरी."

"मग मी काय सांगणार, बाई?"

कॉम्प्युटर होता हिंजवडीला, ऑफिसात. तिकडे जाऊन यायला वेळ कुठला? आणि घाईला लागलेल्या माणसाला 'येईल' तेवढं ऐकू येतं, 'बहुतेक' ऐकू येत नाही.

घरी सीताराम इस्त्रीचा शर्ट घालून बसलेच होते. मैत्रीने टीपॉयवर पुस्तकांची चळत रचून वर कॅमेरा ठेवला.

"पुष्कळ जागा आहे, बाबा. काय हवं ते बोला."

सीतारामांनी तिच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "तुम्ही दोघी बाहेर जा बरं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "केबिनमध्ये मी एकटाच असायचो. माणसं समोर असली की मला नाही जमत. तुला तोंडावर कधी बोललो नाही, ते बोलून ठेवतो, मैत्रे. सावकाश ऐक."

मायलेकी गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. दाराआडून नुसती घरघर येत होती, शब्द कळत नव्हते. आई दाराकडे सरकली तशी मैत्रीने तिचा हात धरला. "चोरून कशाला? ऐकायला आयुष्य पडलंय."

ऑपरेशन नीट पार पडलं. बाबा खाटेवर उठून बसायला लागले तशी मैत्री ऑफिसात गेली. कार्ड कॉम्प्युटरला लावून तिने हेडफोन चढवला. आवाज नाही. बटणं दाबून झाली, हेडफोन बदलून झाला, शेजारच्या कॉम्प्युटरवरही लावून झालं. शेवटी अभिनवने कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला.

"अगं, याला माईकच नाही. साधं मॉडेल आहे, चित्र घेतं फक्त. मला वाटलं, तू फोटोच काढशील."

ज्याला काही सांगितलंच नव्हतं, त्याच्यावर चिडणार तरी कशी? पडद्यावर बाबा बोलत होते. भुवई चढत होती, उतरत होती. मध्येच थांबून त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा बोलायला लागले. ओठ मिटून उघडले तेव्हा ते 'मैत्री' म्हणाले, एवढं तिला ओळखू आलं. पुढचं काही नाही. एवढं सगळं पाचशे बारा एमबीत मावलं होतं आणि हाती काहीच लागलं नव्हतं. मेल्या शहाणपणाने घात केला, दाराला कान लावला असता तर! टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं तिला वाटलं.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली तेव्हा सीताराम पाटी मांडीवर घेऊन वाट पाहत होते. ती टेकायच्या आत त्यांनी लिहिलं, 'ऐकलंस?'

खरं सांगायचं, असं ठरवूनच ती आली होती. पण गळ्याला बांधलेल्या पट्ट्यांच्या वर ते डोळे इतक्या आशेने लागले होते, की तिचा धीरच झाला नाही.

"हो बाबा. सगळं ऐकलं."

त्यांनी पाटी पुसली. पुन्हा लिहायला त्यांना वेळ लागला. मग पाटी तिच्याकडे वळवली.

'मग, जमेल तुला?'

मैत्रीने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडेच पाहत होती.

"हो," मैत्री म्हणाली.

सीताराम रडायला लागले. तोंड उघडं, खांदे गदगदताहेत आणि आवाज नाही. ते आनंदाने रडताहेत की दुःखाने, हे मैत्रीला कळेना आणि विचारायची सोय तिने स्वतःच ठेवली नव्हती.