न मारलेली उडी

त्या संध्याकाळी उघड्या मैदानावर, हजारो लोकांसमोर, बायकोला चार ओळी एकटीने गायच्या होत्या. बाकीचं गाणं सगळ्या वृंदाचं, मधल्या चार ओळी तिच्या. महिनाभर ती स्वयंपाकघरात त्या म्हणत होती आणि सुरुवातीला दर वेळी दाराकडे बघत होती. मी दारात नसलो तर पहिला सूरच लागत नसे. यात माझं कर्तृत्व काही नाही. मला गाण्यातलं कळत नाही, त्यामुळे माझी भीती वाटत नाही, असं तिनेच सांगितलं होतं.

"डावीकडच्या तिसऱ्या खांबापाशी बसा," घरून निघताना ती म्हणाली. "आणि अहो, कुणाला जागा देत बसू नका. तुम्ही दिसला नाहीत तर माझं संपलं."

फाटकावर पोलिसांनी माझी पाण्याची बाटली काढून घेतली. आत पाणी मिळेल म्हणाले. मग पिशवीतलं पुस्तक काढून एकाने ते हातावर तोललं.

"हे नेता येणार नाही."

"का हो?"

"फेकून मारता येतं."

"पातळ असतं तर?"

"पातळ असतं तर विचार केला असता."

माझ्या वाचनाची इतकी गंभीर दखल आजवर कुणी घेतली नव्हती. पुस्तक मी मुकाट्याने देऊन टाकलं.

आत 'पाणी' अशी पाटी लावलेलं एक दुकान होतं आणि पाणी संपलं हे सांगायला त्यात एक माणूस बसवला होता. जनरेटरचा धूर सरळ लोकांच्या तोंडावर येत होता. खुर्च्या तिकिटांपेक्षा बऱ्याच कमी होत्या. तरी खांबाजवळची खुर्ची मला मिळाली, कारण धूर तिथेच सगळ्यात दाट होता.

पाणी प्यायलो नव्हतो, तरी माझ्या वयाच्या माणसाला येते ती निकड आलीच. आतली स्वच्छतागृहं कुलूपबंद होती, किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नव्हतं. छातीवर बिल्ला लावलेल्या स्वयंसेवकाने मला कुंपणाबाहेर पाठवलं. "बिनधास्त जा काका, तिकीट दाखवलं की आत घेतात."

परत आलो तर फाटकावरच्या शिपायाने हात आडवा धरला.

"बाहेर गेलेला माणूस आत नाही."

"पण माझ्याकडे तिकीट आहे."

"तिकिटावर एकदा आत जाता येतं. गेला होतात ना एकदा?"

गेलो होतो.

तेवढ्यात कुंपणाच्या कडेने एक लहानशी रांग येताना दिसली. पुढे एक हवालदार, मागे एक, मधली माणसं खाली मान घालून चाललेली. दिवसभरात दिसलेली ही पहिलीच शिस्तीची रांग. ती कशाची, हे विचारायचा मला संकोच वाटला. मी मागे जाऊन उभा राहिलो. मागच्या हवालदाराने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि पुढे सरकवलं. रांग आत गेली. तिकीटही कुणी पाहिलं नाही. लोक पोलिसांना उगाच नावं ठेवतात, असं माझ्या मनात आलं.

रांग थांबली ती मंचाच्या अगदी शेजारी, लोखंडी कठडे लावून केलेल्या कोंडवाड्यात. आम्हाला जमिनीवर बसवण्यात आलं. शेजारी एक आडव्या अंगाचा, टायरचं दुकान चालवणारा गृहस्थ होता. त्याची पँट गुडघ्यापासून खाली फाटलेली.

"काका, तुम्ही कुठून मारलीत?"

"काय?"

"उडी. कुंपणावरून."

"मी नाही मारली."

"बरोबर आहे. आपण कुणीच नाही मारली." त्याने मला डोळा घातला. "माझ्याकडे विकत घेतलेलं तिकीट आहे हो. फाटक बंद केलं तर माणूस काय ते तिकीट चाटत बसेल?"

थोड्या वेळाने साहेब आले. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, ती माझ्यावर अडकली. त्यांनी माझं तिकीट पाहिलं.

"आजोबा, तुम्ही इथे कसे?"

"रांग होती म्हणून उभा राहिलो."

साहेब हवालदाराकडे वळले. "यांनी उडी मारली असेल असं वाटतं तुला? चोर सोडून संन्याशाला सुळी. सोड यांना."

"मग मी माझ्या खुर्चीवर जातो," मी म्हणालो.

"खुर्चीवर नाही. बाहेर. तुमचा प्रवेश संपलाय."

त्याच वेळी वृंद मंचावर आला. बायको पहिल्या रांगेत, कडेला उभी राहिली. तिने तिसऱ्या खांबाकडे पाहिलं. माझ्या खुर्चीवर एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. बायकोने दुसऱ्या खांबाकडे पाहिलं, पुन्हा तिसऱ्याकडे पाहिलं. तिचा हात पदराशी चाळा करायला लागला.

निर्दोष ठरलो तर मी बाहेर, गुन्हेगार ठरलो तर मंचापाशी.

"साहेब," मी म्हणालो, "उडी मारली मी."

"कुणी?"

"मीच."

"मारली साहेब," टायरवाला म्हणाला. "माझ्या आधी मारली. काय सफाईने मारली."

"तू गप्प बस. आजोबा, का मारलीत?"

"फाटक बंद होतं."

साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला. "बसवा यांना. कार्यक्रम संपेपर्यंत इथून हलू द्यायचं नाही."

बसलो असतो तर तिला दिसलो नसतो. मी उभाच राहिलो. "खाली बसा," हवालदार म्हणाला. बसा म्हटल्यावर न बसण्याची मला सवय नाही, म्हणून कठडा घट्ट धरून ठेवला. दोघे हवालदार आले आणि दोन्ही बाजूंनी त्यांनी माझे दंड धरले. त्या गडबडीनेच बायकोची नजर इकडे वळली. तिचा चेहरा बदलला, आणि नेमकी तिची ओळ आली.

पहिलाच सूर लागला. स्वयंपाकघरात लागायचा त्यापेक्षा मोठा, जरा रागीट. चारही ओळी ती माझ्याकडे बघत म्हणाली.

"कोण हो या?" हवालदाराने हळूच विचारलं.

"माझी बायको."

"आधी सांगायचं नाही का?" त्याने दंड सोडला नाही, पण पकड सैल केली.

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी आम्हाला शिक्षा दिली: मैदानावरचा कचरा उचलायचा. साहेब गेले आणि आम्ही गोण्या घेऊन फिरू लागलो. बायको तरातरा चालत आली.

"काय केलंत तुम्ही?"

"उडी मारली."

तिने आधी कुंपणाकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडे.

"काकू, सगळ्यात उंच जागेवरून," टायरवाला म्हणाला.

"तुम्हाला धरलेलं बघितलं आणि माझ्या ओळी कधी संपल्या ते कळलंच नाही," ती मला म्हणाली. "सगळं लक्ष त्या हवालदारांकडे. म्हटलं, यांचा खांदा दुखरा आहे, पिरगाळतील मेले." आणि तिने वाकून एक कागदी पेला उचलला.

हवालदार धावत आला. "बाई, तुम्ही नका उचलू. तुम्ही कलाकार."

"मग तुम्ही उचला," ती म्हणाली आणि गोणीचं तोंड त्याच्यापुढे उघडून धरलं.

साहेब कुठे दिसतात का, ते त्याने पाहून घेतलं. मग तो वाकला.