तिसरी कॉफी

मी शेफिकाच्या तबकातला जादाचा पेला बोलतोय. चिनीमातीचा, मुठीत मावेल एवढा, बिनकानाचा. कान नसला तरी ऐकू मात्र सगळं येतं, आणि तेच माझं दुर्दैव आहे.

शेफिकाच्या लग्नात आम्ही सहा भावंडं या घरात आलो. लढाईत स्वयंपाकघरावर तोफगोळा पडला, त्यात तिघं फुटली. माझा काठाचा टवका उडाला, एवढ्यावर निभावलं.

ऊना नदीकाठच्या आमच्या गावात तबकात एक पेला नेहमी जास्तीचा ठेवतात. कोणी अवचित आलं तर त्याला परकं वाटू नये म्हणून. शेफिका मात्र मला कोणाला हात लावू देत नसे. तिच्या लेखी अवचित येणारा एकच, तिचा मुलगा एनेस. लढाईत तो नदीपलीकडे गेला, तो परतलाच नाही.

"जिवंत नाही हे कळतं गं मला," ती बहिणीला फोनवर म्हणायची. "पण कुठे आहे ते कळलं, तर माती तरी देईन."

पूल पुन्हा बांधला गेला, पोरं त्यावरून पुन्हा नदीत उड्या मारू लागली, भिंतींतली गोळ्यांची भोकं लिंपून झाली. तिचं तेवढंच मागणं राहून गेलं.

एका उन्हाळ्यात तिची भाची आयला स्वीडनहून आली. लढाईत तान्हीच नेलेली, सगळी तिकडेच वाढलेली. त्याच दिवसांत एका दुपारी दारात रायको उभा राहिला. पलीकडच्या काठावरचा हा म्हातारा नावा बांधायचा. एनेस त्याच्याच हाताखाली शिकला होता. लढाई संपली तसा तो गाव सोडून गेला होता.

"सिगारेट सुटली नाही वाटतं अजून?" शेफिका म्हणाली.

"गाव सुटलं, ही नाही सुटली."

ती हसली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझ्यात कॉफी ओतली.

दुसरी कॉफी होईपर्यंत पुलाच्या आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या गप्पा झाल्या. मग शेफिका मुरांबा आणायला तळघरात गेली. आयला चुलीपाशी होती. रायकोनं मला तोंडाशी धरलं. पाठ केलेलं म्हणून बघावं तसा तो पुटपुटला, "शेफिका, तुझा एनेस जुन्या गिरणीमागे आहे, नासपतीच्या झाडाखाली. आमच्याच काठावरच्या लोकांनी मारला. मी एकट्यानं पुरला त्याला." मग श्वास घेऊन म्हणाला, "आली की सांगतो."

आमच्याकडे पहिली कॉफी 'या' म्हणायची, दुसरी गप्पांची आणि तिसरी 'उठा' म्हणायची. तोंडानं कोणी 'जा' म्हणत नाही. तिसरी पुढे आली की शहाण्यानं आपल्या चपला शोधाव्यात. बिचाऱ्या आयलाला हे कुठलं ठाऊक! तिला पाहुण्याचा पेला रिकामा दिसला. तिनं तिसरी ओतली.

रायकोचा चेहरा उतरला. "मावशीनं सांगितलं का?"

"हो तर! पाहुण्यांना काही कमी पडू देऊ नकोस म्हणाली."

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला आणि एका घोटात प्यायला. मला वाटलं, निसटावं त्याच्या हातातून, फुटावं, तेवढाच तो थांबेल. पण पेल्याला पडायलाही दुसऱ्याचाच हात लागतो.

शेफिका आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

"तिसरी दिलीस?"

"हो मावशी, आग्रहानं!"

सपाता घालूनच ती पुलापर्यंत धावली. बस गेली होती. "काहीतरी सांगायला आला होता गं तो," परत येऊन ती म्हणाली. "नुसत्या कॉफीला एवढ्या लांबून कोण येतं?" आयला रडत राहिली. तिला एका शब्दानंही न बोलता शेफिकानं मला धुतलं. हिवाळ्यात रायको वारल्याची बातमी आली.

आजही रोज मी तबकात असतो, कोरडा. खिडकीतून पलीकडचा काठ आणि तिथली जुनी गिरणी दिसते. वसंतात ती नासपती पांढरीशुभ्र फुलते, तेव्हा मला पुसता पुसता शेफिका म्हणते, "काय फुललंय बाई ते झाड!" अशा वेळी माझा जीव नुसता तुटतो.

तुम्हांला तोंड आहे. कधी इकडे आलात, तर ती मला तुमच्यापुढे ठेवेल; रायको येऊन गेल्यापासून अवचित आलेल्या कोणाकडेही ती निरोपाच्या आशेनं बघते. पहिल्या कॉफीलाच सांगून टाका तिला.